खोकला, शिंक आणि खो

१० नोव्हेंबर, रविवार

आज किती वर्षांनी पाठीवर थाप पडली आणि कानाशी "खो" ऐकू आला. अजून पाठीवर ती थाप तशीच आहे असं वाटतंय.

प्रेमलता आमची कॉलेजातली कॅप्टन. दिवाळीत तिचा फोन आला. सव्वीस जानेवारीला मानेवाड्याच्या मैदानावर तिशीच्या पुढच्या बायकांचे खो-खोचे सामने आहेत, जुन्या पोरी गोळा करून राहिली आहे, तू येणारच, असं तिनेच ठरवून टाकलं. मी हो म्हटलं आणि मग घरी सांगितलं. वैभव म्हणाला, जाय ना, मी सांभाळतो पोरांना. सासूबाई भाजी निवडत राहिल्या.

पहिले काही खो मस्त गेले. अंगाला सगळं आठवत होतं. मग मागून खो आला, मी बसल्या जागेवरून उसळून उठले आणि उठता उठताच कळलं. गरम ओल, मांडीपर्यंत. एक पाऊल टाकलं, अजून थोडी. पळणारी समोरून निघून गेली आणि मी तशीच उभी.

दुसरं काही सुचेना. कडेला जाऊन पाण्याची बाटली उघडली आणि डोक्यापासून खालपर्यंत ओतून घेतली. प्रेमलता हसली. म्हणाली, "थंडीत आंघोळ करून राहिली का वं दामिनी?" सगळ्याच हसल्या. मीही हसले. नेव्ही ब्लू पँट होती म्हणून निभावलं.

१२ नोव्हेंबर, मंगळवार

कुणाला सांगत नाही तर इथे तरी लिहावं.

चिकू झाल्यापासून हे आहे. मोहितच्या वेळी नव्हतं, किंवा असेल तर इतकं नव्हतं. शिंक आली की. खोकला आला की. सिलिंडर सरकवला की. वाटलं होतं, अंग भरून येईल तसं थांबेल. चिकू आता शाळेत जायला लागली.

ह्याला नीट शब्दही नाही. नळ गळतो, छत गळतं. बाईचं काय म्हणायचं?

सदरला ऑफिसात माझी खुर्ची एसीच्या खाली आहे. खुर्चीवर काळी शाल अंथरून बसते. शेजारची विचारते, थंडी वाजते का. हो म्हणते. वैभवला माहीत नाही. त्याला काय सांगू? लग्नाआधी तो माझे सामने बघायला यायचा. खांबाला हात लावून मी सर्रकन वळायची, ते त्याला अजून आठवतं.

१६ नोव्हेंबर, शनिवार

उपाय सापडला. पाणीच प्यायचं नाही. काल रात्री जेवणानंतर बंद केलं, सकाळी चहापण नाही. सरावात जवळजवळ काही झालं नाही. डोकं मात्र दिवसभर ठणकत होतं.

घरात वेगळंच चाललंय. उमरेडला सासूबाईंच्या भावाच्या नातीचं लग्न आहे, सख्ख्या भावाच्या, आणि आई म्हणतात मी नाही येत. वैभवने खूप समजावलं. कारण काय, तर बसमध्ये बसवत नाही. गाडी करून जाऊ म्हटलं तर म्हणे, "गाडीत तर आणखीनच नाही. तुम्ही जा." मामांचा फोन आला तरी त्यांचं तेच.

मला वाटतं माझ्या खो-खोचा राग आहे. सून मैदानात उड्या मारते, हे त्या भावकीत कसं सांगणार? तांडापेठेत त्यांचं आयुष्य गेलं, सासरे हातमागावर आणि त्या शेजारी बसून सुताच्या कांड्या भरत. तिथे बाईने मान वर करून हसलं तरी चर्चा व्हायची. आता माग गेला, आम्ही इकडे फ्लॅटमध्ये आलो, पण त्या तशाच कडक. आमच्या उठण्याआधी उठतात, स्वतःचं लुगडं स्वतः धुतात. मशीनमध्ये टाकू देत नाहीत. मी खूपदा म्हटलं. स्वभाव आहे, दुसरं काय.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

सकाळी बादलीत ट्रॅक पँट डेटॉलच्या पाण्यात भिजवून ठेवली होती आणि आई अचानक न्हाणीत आल्या. बादलीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. विचारलं, मैदानाजवळ बायकांसाठी सोय आहे का. मी म्हटलं आहे, आणि पँटला घामाचा वास येतो म्हणून भिजवली. त्या बरं म्हणाल्या आणि गेल्या.

संध्याकाळी ऑफिसातून आले तर माझ्या पलंगावर कापडाच्या घड्यांचा गठ्ठा. त्यांच्या जुन्या सुती लुगड्याच्या. लांबट, मध्ये जाड, कडेने बारीक टाके. चिकूसाठी असणार. मी त्या तिच्या कप्प्यात ठेवल्या आणि आईंना म्हटलं, "आई, चिकूला आता लागत नाही हो हे. मोठी झाली ना ती."

त्यांनी बराच वेळ माझ्याकडे बघितलं. मग म्हणाल्या, "राहू दे. कामी येईन."

वय होतंय त्यांचंही. विसरायला लागल्यात.

२४ नोव्हेंबर, रविवार

टीमचे कपडे आले. प्रेमलताने उत्साहाने वाटले. आकाशी रंगाची पँट, वर पांढरा टी-शर्ट. सगळ्यांनी लगेच घातले. मीपण.

कॉलेजच्या पोरींबरोबर सरावाचा सामना होता. पहिल्या डावात मी बसून होते तोवर ठीक. दुसऱ्या डावात पळायची पाळी आली. छान पळत होते. एकीला हुलकावणी दिली, खांबाला वळसा घातला, आणि समोरून येणाऱ्या पोरीला चुकवायला उडी मारली.

आकाशी रंगावर ते किती दिसतं हे मला न बघता कळलं.

मी तिथेच खाली बसले आणि गुडघा धरला. गुडघा गेला म्हणून ओरडले. टीम धावत आली. मी कुणाला हात लावू दिला नाही, ओढणी मागवली, कंबरेला गुंडाळली आणि लंगडत बाहेर आले. थोड्या वेळाने प्रेमलता आली तेव्हा तिला सांगितलं की डॉक्टरने आधीच नको म्हटलं होतं, मी यापुढे येणार नाही. तिने फक्त माझ्या गुडघ्याकडे बघितलं. मी डावा धरला होता आणि लंगडत होते उजव्याने.

गाडीवर बसून रडले. मग डोळे पुसून कोथिंबीर घेतली आणि घरी आले.

२७ नोव्हेंबर, बुधवार

लघवीला आग, अंगात ताप. पाणी न पिण्याचा प्रताप. गल्लीच्या टोकाच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी विचारलं, पाणी किती पिता. मी म्हटलं, कमीच. का? त्यांनी पेन खाली ठेवलं आणि थांबल्या.

मग मी सांगितलं. सगळं. माझाच आवाज मला कुणा दुसरीचा वाटत होता.

त्यांना काहीच नवल वाटलं नाही. गोळ्या लिहिल्या, पाणी भरपूर प्यायला सांगितलं, आणि धंतोलीतल्या एका फिजिओथेरपिस्टचं नाव लिहून दिलं. म्हणाल्या, "हे बऱ्याच जणींना होतं. पण होतं म्हणून सोसत बसायचं नसतं."

३० नोव्हेंबर, शनिवार

धंतोलीच्या त्या मॅडमचं नाव रीना. माझ्यापेक्षा लहानच असतील. तपासलं, विचारलं, मग टेबलावरचा प्लॅस्टिकचा सांगाडा पुढे ओढून दाखवलं. कंबरेच्या हाडात खाली स्नायूंची झोळी असते, लघवीची पिशवी आणि गर्भाशय तिच्यावर पेललेलं असतं. बाळंतपणात ती झोळी ताणली जाते. उडी मारली, खोकलं, की वरून दाब येतो आणि सैल झोळीला तो पेलवत नाही. इतकंच. माझं काही फाटलेलं नाही, बिघडलेलं नाही. झोळी घट्ट करायची.

व्यायाम असा की बाहेरून काही दिसतच नाही. गॅस आणि लघवी दोन्ही एकदम रोखल्यासारखं आत आणि वर ओढायचं, धरायचं, मग पूर्ण सोडायचं. श्वास रोखायचा नाही, पोट आवळायचं नाही. शिंक येतेय असं वाटलं की आधी आवळायचं, मग शिंकायचं. फरक पडायला दोन-तीन महिने तरी लागतील आणि रोज करावं लागेल. खेळायचं का, विचारलं. म्हणाल्या, हळूहळू वाढवत न्या, आणि तोवर पॅड लावा, त्यात लाज कसली.

रात्री वैभवला सांगितलं. मला वाटलं तो हसेल, नाही तर तोंड फिरवेल. तो उठून बसला. म्हणाला, "मले वाटत होतं तू माझ्यावर नाराज हाय. जवळ आलो की तू उठूनच जात होती." मग बराच वेळ माझा पाय दाबत बसला. दुखत नव्हता, तरी दाबू दिला.

८ डिसेंबर, रविवार

व्यायाम सुरू आहे. सिग्नलला गाडी थांबली की करते. ऑफिसात साहेब बोलत असले की करते. चेहरा एकदम लक्ष देऊन ऐकणाऱ्याचा होतो, साहेब खूश.

आज दुपारी खुर्चीत डोळे मिटून बसले होते. आईंनी विचारलं, "काय करून राहिली?" योगा म्हणणार होते, पण कंटाळा आला खोटं बोलायचा. सगळं सांगितलं. बादलीचंही.

त्या माझ्या समोर येऊन बसल्या. इतके प्रश्न विचारले की मीच चकित झाले. खोकल्यावर होते त्यालेच हे लागू पडते, का पायऱ्या चढताना होते त्यालेही? बसमध्ये धक्का बसला तर? किती जुनं असलं तरी जमते का? वयाने काही फरक पडते? आत ओढायचं म्हणजे नेमकं कुठे, ते मला परत परत विचारलं. त्या मॅडम बाई आहेत का, आणि तपासताना अंगावर चादर देतात का, हेसुद्धा.

मी सगळं नीट समजावलं. माझी इतकी काळजी त्यांना असेल असं मला वाटलं नव्हतं. सुनेसाठी कोण एवढं खोदून विचारतं? उगाच त्यांना कडक म्हणत होते मी.

१९ डिसेंबर, गुरुवार

आज ऑफिसात शिंक आली. आवळलं, शिंकले, आणि काहीच नाही. कोरडी. मी खुर्चीतच हसले. शेजारची म्हणाली, काय झालं? म्हटलं, शिंक आली.

घरी येऊन चिकूचा कप्पा आवरत होते. त्या घड्या हातात आल्या. चिकूच्या मानाने किती मोठ्या आहेत हे आज दिसलं. माझ्यासाठी होत्या. बादली बघून त्यांना त्याच दिवशी कळलं होतं, आणि मी त्यांनाच सांगितलं होतं की चिकू मोठी झाली.

एक लावून बघितली. बाजारातल्यापेक्षा मऊ, आणि जागच्या जागी बसते. कुठे जाड हवं आणि कुठे पातळ, हे आईंना बरोबर कसं कळलं कुणास ठाऊक. शिवणात हात चांगला आहे त्यांचा.

५ जानेवारी, रविवार

प्रेमलताकडे गेले. गुडघ्याला काही झालं नव्हतं, हे आधी सांगितलं. मग काय झालं होतं ते सांगितलं.

तिला मूलबाळ नाही. म्हणून तिला सांगायला जास्त जड जात होतं, उगाच. ती ऐकून घेत चहा ढवळत राहिली. म्हणाली, तू लंगडली ते खोटं होतं हे मला त्याच दिवशी कळलं होतं, वाटलं होतं आपली टीम तुला आवडली नाही. तिला ते लागलं होतं, हे मला दिसलं. मग म्हणाली, "एवढं मोठं ओझं घेऊन पळत होती वं तू. आणि तरी हुलकावणी दिली त्या पोरीले."

आता उशीर झाला असेल तर बाहेर बसून टाळ्या वाजवीन म्हटलं. संध्याकाळी टीमच्या ग्रुपवर तिचा मेसेज आला. आकाशी पँट धुळीत फार मळतात, सगळ्यांनी परत करा, काळ्या मागवल्या आहेत.

२६ जानेवारी, रविवार

पहिला सामना जिंकलो. दुसऱ्यात हरलो, फार नाही, थोड्याने.

मी दोन्ही सामने खेळले. दुसऱ्यात सूर मारला तेव्हा थोडं झालं. आईंच्या घडीने सांभाळलं. मी उठले, माती झटकली आणि खो दिला. इतक्या जोराने की मोहित मैदानाबाहेरून ओरडला, आई, कान फुटले.

सगळे आले होते. आईपण. मी बोलावलं नव्हतं, त्या स्वतःच वैभवला म्हणाल्या मला ने. खुर्ची दिली तर बसल्या नाहीत, कडेला उभ्याच राहिल्या. मी एकीला बाद केलं तेव्हा त्यांनी पदर तोंडाला लावलेला मला दिसला. पण दुसरा सामना रंगात आला आणि बघते तर जागेवर नाहीत. वैभवला विचारलं, तो म्हणाला, रिक्षा करून एकट्याच घरी गेल्या. थांब म्हटलं तरी थांबल्या नाहीत.

वाईट वाटलं. कदाचित सुनेने जमिनीवर लोळलेलं बघवलं नसेल. इतक्या प्रेमाने घड्या शिवल्या, आणि शेवटी जुनं मन आडवं आलंच.

२७ जानेवारी, सोमवार

काल किती चुकीचं लिहिलं ते आज कळलं. खोडत नाही.

सकाळी पाणी प्यायला लवकर उठले. न्हाणीत दिवा होता. आई कालचं लुगडं धूत होत्या. मला बघून हात थांबले. मी म्हटलं, आई, द्या, मी धुते. त्यांनी दिलं नाही. मग त्या साबणाच्या हाताने नळ बंद करत म्हणाल्या, "मले शेवटपर्यंत पाहायचं होतं वं. पण तू त्या पोरीले बाद केलं ना, मी उडीच मारली जागच्या जागी. मग थांबता आलं नाही."

उमरेडचं लग्न. धुणं. खुर्ची. घड्या. सगळं माझ्या डोळ्यांसमोर होतं आणि मी त्याला स्वभाव म्हणत होते.

त्यांनी खाली बघत विचारलं, "त्या मॅडमकडे मले नेशील का?"

५ फेब्रुवारी, बुधवार

ऑफिसातून अर्धी सुटी घेऊन आईंना धंतोलीला नेलं. रस्ताभर त्यांनी माझा हात धरला होता. तपासणीच्या वेळी मला आत थांब म्हणाल्या.

आधी डॉक्टरीणबाईंना दाखवून घेतलं होतं. अंग, म्हणजे गर्भाशय, थोडं खाली उतरलं आहे, पण ऑपरेशनची घाई नाही, व्यायामाने बराच आराम पडेल, असं त्यांनी सांगितलं होतं. रीना मॅडमनी चादर दिली, दार लावलं, सावकाश विचारलं, हे कधीपासून होतं.

आई म्हणाल्या, "वैभव झाला तवापासून."

वैभव चाळिशीला आला. मी त्यांच्याकडे बघू शकले नाही, भिंतीवरच्या चित्राकडे बघत राहिले. नवऱ्याला, आईला, बहिणीला, कुणालाच सांगितलं नव्हतं त्यांनी. मागाशेजारी दिवसभर बसायचं आणि उठताना सगळ्यांत शेवटी उठायचं.

मॅडमनी लिहून घेतलं आणि विचारलं, आजी, ह्याच्यामुळे काय करायचं राहून गेलं? बरं वाटल्यावर तुम्हाला काय करायचं आहे? मला वाटलं, त्या लग्नाकार्यांचं नाव घेतील, नाही तर देवदर्शनाचं.

आईंनी चादरीची कड सरळ केली. मग म्हणाल्या, "मले हसायचं हाय बाई. मोठ्यानं. पोट धरून हसते ना माणूस, तसं."

रीना मॅडम लिहिता लिहिता थांबल्या. मी लग्न होऊन आले तेव्हापासून ह्या बाईला कडक समजत आले. त्या तोंड मिटून होत्या फक्त.

परतताना त्या म्हणाल्या, लहानपणी उमरेडला त्यांना हसरी वच्छी म्हणायचे.

९ मार्च, रविवार

आम्ही दोघी आता दुपारी समोरासमोर बसून व्यायाम करतो. आईंना बराच फरक आहे. पूर्ण नाही. त्या म्हणतात, जेवढं हाये तेवढं हाये.

आज वैभव आमच्यात येऊन बसला. रीना मॅडम म्हणतात पुरुषांनाही ही झोळी असते, हे त्याला मीच सांगितलं होतं. त्याने डोळे मिटले, दोन्ही मुठी आवळल्या, भुवया वर नेल्या, गाल फुगवले. चेहरा लाल झाला. आईंनी त्याला समजावलं की श्वास नाही रोखायचा. त्याने श्वास सोडला आणि त्याबरोबर दुसरंही सोडलं, चांगलं मोठ्याने.

मग वैभव अगदी गंभीरपणे म्हणाला, "माझी झोळी लय सैल हाय, आई."

आई हसल्या. पदर तोंडाला न लावता, मान मागे टाकून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. चिकू खेळणं टाकून बघत राहिली, तिने आजीचा असला आवाज कधी ऐकला नव्हता. हसता हसता आई उठल्या, पायाला पाय घट्ट लावून तुरुतुरु न्हाणीकडे गेल्या आणि दार लावून घेतलं.

मी दाराशी गेले. विचारलं, आई, ठीक आहे ना?

आत त्या अजून हसतच होत्या.